चलान पोहोचतं, मग रिकॉल का पोहोचत नाही?

मंडळी, हेल्मेट नसलं की ई-चलानचा मेसेज बरोबर मोबाईलवर येतो. पीयूसीचा ओटीपीही येतो. म्हणजे गाडी कुणाची, नंबर काय, हे सरकारला पक्कं माहीत आहे. मग त्याच गाडीच्या वायरमध्ये कारखान्यातूनच दोष आलाय, हे सांगणारा मेसेज का येत नाही?

हवेत बोलत नाहीये. जुलै २०२४ मध्ये सुझुकीने अ‍ॅक्सेस, अ‍ॅव्हेनिस आणि बर्गमन मिळून जवळपास ३ लाख ८८ हजार स्कूटर परत बोलावल्या. इग्निशन कॉईलची हाय टेन्शन कॉर्ड, म्हणजे आपल्या भाषेत प्लगची वायर, वाकून वाकून चिरत होती. ती तुटली की चालती गाडी बंद पडू शकते. मागून डंपर येत असेल तर काय होईल, ते सांगायला नको. या गाड्या एप्रिल ते डिसेंबर २०२२ मधल्या. बोलावणं आलं जुलै २०२४ ला. मधला २०२३ चा अख्खा पावसाळा लोकांनी त्याच वायरवर काढला.

त्याआधी मे २०२१ मध्ये रॉयल एन्फिल्डने सात देशांतल्या मिळून २ लाख ३६ हजारांवर बुलेट, क्लासिक आणि मिटिअर बोलावल्या. तिथेही दोष इग्निशन कॉईलचाच. क्वचित शॉर्ट सर्किट होऊ शकतं, हे खुद्द कंपनीनेच सांगितलं होतं.

कंपनीने चूक कबूल केली, पार्ट फुकट बदलून दिला, तर त्याबद्दल तक्रार नाही. गप्प बसणाऱ्यापेक्षा ती बरीच. तक्रार आहे ती निरोप मधेच अडकतो त्याची.

आपल्या तालुक्यात गाडी घेतात सब-डीलरकडून. फ्री सर्व्हिसिंग संपली की चौकातलं गॅरेज. दोन वर्षांत गाडी विकली जाते. कंपनीकडे नंबर पहिल्या मालकाचा. त्याला फोन जातो, तो म्हणतो "विकली हो", विषय संपला! नवा मालक बिचारा प्लग बदल, बॅटरी बदल करत खिशातून पैसे घालतो. "वेबसाइटवर टाकलंय" म्हणे. पहाटे डेअरीला दूध घालायला निघालेला माणूस कंपनीची वेबसाइट बघून निघतो काय?

कायदा नाही असंही नाही. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम ११०ए आलं. १ एप्रिल २०२१ पासून नियम लागू झाले. सात वर्षांच्या आतली सदोष गाडी परत बोलावण्याचा आदेश केंद्र सरकार देऊ शकतं, दंड १ कोटीपर्यंत. पण दिल्लीत नियम होणं वेगळं आणि चौकातल्या गॅरेजपर्यंत पोहोचणं वेगळं.

मागणी साधी आहे. पीयूसी, विमा किंवा नाव ट्रान्सफर करताना चेसिस नंबर टाकला की 'रिकॉल बाकी' असं स्क्रीनवर दिसलं पाहिजे. आणि चलान ज्या नंबरवर येतं, त्याच नंबरवर रिकॉलचा मेसेज आला पाहिजे. खर्च कंपनीने करावा.

तोवर आरसीवरचा १७ अक्षरी चेसिस नंबर कंपनीच्या साइटवर टाकून बघा. जमत नसेल तर पोराला सांगा. रिकॉलचं काम फुकट असतं. वॉरंटी संपली म्हणून कुणी पैसे मागितले तर लेखी मागा.

या मागणीचं निवेदन मी आरटीओत देणार आहे. सही करणाऱ्यांनी खाली गावाचं नाव टाका.