अंतर किलोमीटरमध्ये नव्हे, मिनिटांत मोजा

२०२५ मध्ये सोलापूर विमानतळावरून आधी गोव्याला आणि मग मुंबईला प्रवासी विमाने सुरू झाली. आता मुंबई तासाभरावर आली, असे धाराशिवकरांनाही वाटणे साहजिक आहे. पण हा हिशेब फक्त विमान हवेत असतानाचा झाला.

धाराशिव ते मुंबई हवाई अंतर साधारण ३५० किलोमीटर, रस्त्याने चारशेच्या पुढे. विमानाने जायचे, तर आधी सोलापूरपर्यंतचे सुमारे ७० किलोमीटर कापायचे, तासभर तरी आधी पोहोचायचे आणि मुंबईत उतरल्यावर पुन्हा वाहतुकीतून वाट काढायची. घराच्या उंबरठ्यापासून रुग्णालयाच्या दारापर्यंत पाच तास सहज जातात. ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेसाठी किंवा तपासणीसाठी ही सोय चांगलीच आहे. रात्रीच्या प्रवासाचे हाल वाचतात.

मात्र पक्षाघाताचा झटका आला, तर उपचाराविना जाणाऱ्या दर मिनिटाला मेंदूतील सुमारे १९ लाख पेशी मरतात. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, तेही सीटी स्कॅन झाल्यावर. हृदयविकाराच्या झटक्यातही पहिले काही तासच सर्वांत मोलाचे. एअर ॲम्ब्युलन्सचे नाव निघते खरे, पण तिलाही धावपट्टी लागते, दोन्ही टोकांना रुग्णवाहिका लागते आणि त्याआधी रुग्णाची प्रकृती स्थिर करावी लागते. म्हणजे पहिला उपचार जवळच व्हायला हवा.

जवळ म्हणजे कुठे? इथे जिल्ह्याची हद्द फसवते. परंड्याच्या माणसाला धाराशिवपेक्षा बार्शी जवळ आहे, नळदुर्गकराला सोलापूर सोयीचे. रुग्णवाहिकेने हद्द पाहू नये, घड्याळ पाहावे.

म्हणून विमानतळाच्या मागणीइतक्याच जोराने आणखी एक मागणी करायला हवी. आठही तालुक्यांतील प्रत्येक गावापासून ईसीजी, गुठळी विरघळवणारे इंजेक्शन आणि चोवीस तास सीटी स्कॅन किती मिनिटांवर आहे, याचा नकाशा आरोग्य विभागाने तयार करून ग्रामपंचायतीत लावावा. धाराशिवला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याच्या मदतीने हे काम अवघड नाही. जिथे मिनिटे जास्त, तिथे आधी सोय करावी.

तोवर एवढे प्रत्येकाने करावे. तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे किंवा छातीत दाबल्यासारखे दुखणे दिसले, तर सकाळची वाट पाहू नये. लगेच १०८ ला फोन करावा आणि लक्षणे किती वाजता सुरू झाली ते लिहून ठेवावे. डॉक्टर आधी तीच वेळ विचारतात.