प्रांत अनेक, भूक एकच

2019 साली केंद्रीय श्रममंत्रालयाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने किमान वेतनाची देशव्यापी पातळी दिवसाला 375 रुपये सुचविली. विभागवार दर मांडताना बिहार-ओडिशासाठी 342, तर पंजाब-गोव्यासाठी 447 रुपये ठरविले. सरकारने मात्र त्याच वर्षी प्रचलित 176 रुपयांत अवघ्या दोन रुपयांची भर घातली! या तुटपुंज्या पातळीचा खरा लाभार्थी कंत्राटदार होय. सर्वांत कमी रकमेच्या निविदेला काम मिळते, आणि ती रक्कम कमी होते मजुरीला कात्री लावून. मग बिहारचा मजूर पंजाबच्या मजुराविरुद्ध उभा केला जातो. महागाईतील प्रादेशिक फरक भत्त्याने भरून काढता येतो. त्यासाठी कुणाची भाकरी अर्धी करण्याचे कारण नाही. समान कामास समान वेतन हे तत्त्व 1971 च्या कंत्राटी कामगार नियमांत होतेच. ते प्रत्यक्षात आणण्यासाठी प्रांतोप्रांतीच्या कामगारांनी एकजुटीने लढले पाहिजे.