वाकड्या ग्राफच्या बाजूने

ओहमच्या नियमाचं प्रॅक्टिकल आपण सगळ्यांनीच केलंय. व्होल्टेज-करंटची रीडिंग घ्यायची, ग्राफ काढायचा आणि एखादा बिंदू रेषेबाहेर गेला की सबमिशनच्या आदल्या रात्री हॉस्टेलवर खोडरबर घेऊन त्याला 'सरळ' करायचं! जर्नलवर सही होते, मार्क मिळतात. पण माझ्या मते या खोडरबराने आपण विषयातला सगळ्यात रंजक भागच पुसून टाकतो.

आपल्या माझगावचंच उदाहरण घ्या. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी देशातली पहिली विजेची गाडी व्ही.टी.हून कुर्ल्याला गेली ती याच हार्बर लाइनने, १५०० व्होल्ट डीसीवर. एप्रिल २०१६ मध्ये या लाइनवर २५,००० व्होल्ट एसी आलं. डॉकयार्ड रोडला थांबणाऱ्या आजच्या लोकलच्या मोटारी थ्री-फेज एसीवर चालतात आणि ती एसी गाडीतलाच इन्व्हर्टर डीसीपासून बनवतो. सरळ ग्राफ देणाऱ्या रेझिस्टरला कितीही डीसी द्या, त्यातून एसी निघायची नाही. त्यासाठी थायरिस्टर किंवा ट्रान्झिस्टरसारखी वाकड्या ग्राफची वस्तूच लागते.

असा वाकडेपणा फक्त सिलिकॉनमध्येच असतो असंही नाही. सेंद्रिय पदार्थ म्हणजे इन्सुलेटर, ही समजूत १९७३ साली टीटीएफ-टीसीएनक्यू या स्फटिकाने मोडीत काढली. हा सेंद्रिय असून धातूसारखी वीज वाहून नेतो. पुढे २००५ मध्ये जपानी संशोधकांनी बीईडीटी-टीटीएफ या गंधकयुक्त रेणूच्या एका क्षाराबद्दल 'नेचर'मध्ये लिहिलं. अतिथंड अवस्थेत त्यातले इलेक्ट्रॉन एकमेकांना दूर लोटत पट्ट्यापट्ट्यांनी अडकून बसतात. करंट वाढवला की या पट्ट्या जणू वितळतात आणि रेझिस्टन्स धाडकन कोसळतो. म्हणजे करंट वाढतोय आणि व्होल्टेज चक्क उतरतंय! अगदी थायरिस्टरसारखं. डीसी दिल्यावर या स्फटिकाने सुमारे ४० हर्ट्झची एसी दिली. अर्थात हे उणे २६९ अंश सेल्सिअसच्या आसपास, त्यामुळे उद्या लोकलमध्ये तो बसेल अशी आशा नको.

कोणी म्हणेल, "स्फटिक नुसता तापला असेल!" शंका रास्तच आहे. करंटने पदार्थ तापतो, तापमानाने रेझिस्टन्स बदलतो आणि ग्राफ वाकतो. म्हणूनच अशा प्रयोगांत अगदी थोडा वेळ टिकणारे पल्स देऊन पाहतात, म्हणजे तापायला सवडच मिळत नाही. पण ही शंका यायला आधी वाकडा बिंदू कागदावर तर हवा! तोच खोडला तर तपासणार काय?

प्राध्यापकांना नम्र सूचना: रेझिस्टरबरोबर साधा फिलामेंटचा बल्बही प्रॅक्टिकलला द्या. करंट वाढवताना आणि उतरवताना, दोन्ही वेळची रीडिंग लिहायला लावा. सरळ रेषेला मार्क जरूर द्या, पण रेषेबाहेरच्या बिंदूचं कारण शोधणाऱ्याला दोन जास्त द्या.

आणि दोस्तांनो, बिंदू बाहेर गेला तर आधी कनेक्शन तपासा, रीडिंग पुन्हा घ्या. तरीही तो तिथेच राहिला, तर त्याला तिथेच राहू द्या. तो काहीतरी सांगतोय.