चौदाव्या वर्षाची विमुक्ती

अमेरिकेत स्थायिक झालेला मराठी माणूस सुट्टीत घरी आला की गप्पांच्या ओघात एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘तिकडे चौदा वर्षांचे पोरही कायद्याने आईबापांपासून मोकळे होऊ शकते.’ ऐकणारे हळहळतात, कुटुंबसंस्थेच्या ऱ्हासाबद्दल दोन शब्द बोलले जातात आणि आपले घर सुरक्षित असल्याच्या समाधानात विषय संपतो. वाक्य खोटे नाही. पण ज्या तरतुदीविषयी हे बोलले जाते ती मुळातून वाचली, तर ते समाधान टिकणे अवघड आहे.

कॅलिफोर्नियाच्या कुटुंब संहितेनुसार चौदा वर्षे पूर्ण झालेल्या अल्पवयीनाला ‘इमॅन्सिपेशन’साठी, म्हणजे पालकांच्या अधिकारातून विमुक्त होण्यासाठी, न्यायालयाकडे अर्ज करता येतो. अन्य अनेक राज्यांत ही वयोमर्यादा सोळा आहे. अर्जदार स्वेच्छेने आईवडिलांपासून वेगळा राहत असला पाहिजे आणि त्यास त्यांची संमती किंवा निदान मूक मान्यता हवी. आपले आर्थिक व्यवहार तो स्वतः सांभाळत असला पाहिजे, त्याचे उत्पन्न गुन्ह्यातून आलेले नसावे आणि जमाखर्चाचे विवरण त्याने अर्जासोबत जोडले पाहिजे. पालकांना सूचना दिली जाते आणि विमुक्ती अर्जदाराच्या हिताविरुद्ध नाही ना, हे न्यायाधीश तपासतात. उशिरा घरी आल्याबद्दल वडील रागावले, हे कारण या सगळ्यात कोठेही बसत नाही. मुलाला शाळाही सोडता येत नाही, कारण सक्तीच्या शिक्षणातून विमुक्तालाही सुटका नाही. मतदानासाठी अठराव्या आणि मद्यासाठी एकविसाव्या वर्षापर्यंत त्यालाही थांबावेच लागते.

मग त्याला मिळते काय? करार करण्याचा, वैद्यकीय उपचारांस स्वतः संमती देण्याचा, दावा लावण्याचा, आपली कमाई आपल्याजवळ ठेवण्याचा अधिकार. आणि जाते काय? आईवडिलांवरील पोषणाची कायदेशीर जबाबदारी. गप्पांमध्ये नेमका हाच भाग गळून पडतो. पोर आईबापांपासून मोकळे होते, तसेच आईबापही पोरापासून मोकळे होतात. ज्याला सोडून जाण्याजोगे घर आहे, त्याच्यासाठी हा कायदा नाही. ज्याचे घर आधीच नाहीसे झाले आहे, त्याच्यासाठी आहे.

या शब्दाचे मूळ रोमन कायद्यात आहे. तेथे पित्याची मुलावरील सत्ता मुलगा प्रौढ झाला तरी पिता जिवंत असेतो संपत नसे आणि पित्याने मुलाला तीनदा विकले तर मुलगा त्या सत्तेतून सुटे. विक्रीच्या या विधीतून विमुक्तीची पद्धत निघाली. मूल ही पित्याची मालमत्ता, हे त्यामागचे गृहीत होते. त्याची छाया अमेरिकेत विसाव्या शतकापर्यंत रेंगाळली. चार्ली चॅप्लिनच्या 1921 सालच्या ‘द किड’मधील बालकलाकार जॅकी कूगन याने लाखो डॉलर कमावले, पण सज्ञान झाल्यावर त्याच्या हाती जवळजवळ काहीच आले नाही. अल्पवयीनाची कमाई पालकांची, हाच तेव्हाचा कायदा होता. 1938 मध्ये त्याने आई आणि सावत्र वडिलांविरुद्ध दावा लावला. उरल्यासुरल्या पैशातला निम्माच त्याला मिळाला. पण त्या प्रकरणातून 1939 मध्ये कॅलिफोर्नियात बालकलाकारांच्या कमाईला संरक्षण देणारा कायदा झाला आणि आजही तो कूगनच्याच नावाने ओळखला जातो.

अशी कमाई आता मराठी घरांतही येऊ लागली आहे. दूरचित्रवाणीवरील गाण्याच्या स्पर्धांनी दहा-बारा वर्षांची मुले घरोघरी पोहोचवली. त्यांच्या नावावर काय राहते, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. बालकामगारविषयक केंद्रीय नियमांत 2017 साली झालेल्या बदलांनुसार बालकलाकाराच्या उत्पन्नाचा किमान वीस टक्के भाग थेट त्याच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवणे बंधनकारक आहे. आईवडिलांच्या शब्दावर विसंबून राहणे पुरेसे नाही, असे आपल्याही कायदेकर्त्यांना वाटले, हे विसरून चालणार नाही.

भारतीय विचार रोमन सत्तेचा नाही, हे खरेच. कौटिल्याने मुलीला बाराव्या आणि मुलाला सोळाव्या वर्षी ‘प्राप्तव्यवहार’ म्हटले. व्यवहाराची पात्रता वयाने येते, ती पित्याने विकत द्यायची गोष्ट नव्हे. आजच्या कायद्याने हे वय अठरा केले आहे आणि त्याआधी विमुक्तीचा मार्ग ठेवलेला नाही. 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात पालकाला अल्पवयीनाची स्थावर मालमत्ता न्यायालयाच्या परवानगीवाचून विकता येत नाही आणि पालक नेमताना मुलाचे कल्याण सर्वोपरी मानले जाते. त्याच वर्षीच्या दत्तक व पोषण कायद्याने स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या अविवाहित मुलीचे पोषण अठराव्या वर्षानंतरही आईवडिलांवर ठेवले आणि वृद्ध मातापित्यांचे पोषण मुलामुलींवर. येथे धागा तोडलेला नाही आणि पालक मालक नसून विश्वस्त आहे.

विश्वस्ताने मात्र हिशेब द्यायचा असतो. दहावीचा निकाल लागताच लातूरच्या किंवा कोट्याच्या वसतिगृहात पाठवलेला मुलगा पाहावा. कॅलिफोर्नियातल्या अर्जदारासारखा तोही घरापासून दूर, एकटा राहतो. पण पैसा त्याचा नाही, शाखा त्याने निवडलेली नाही आणि परत येण्याची इच्छा बोलून दाखवण्याची मुभाही त्याला नाही. फोनवर ‘जेवलास का’ याच्या पाठोपाठ ‘चाचणीत किती पडले’ हेच विचारले जाते. विमुक्तीचे सारे एकाकीपण त्याच्या वाट्याला आले आहे, विमुक्ती तेवढी नाही. त्या मुलाला न्यायालय नको आहे. ‘मला हे जमत नाही’ हे वाक्य शेवटपर्यंत ऐकून घेणारा बाप त्याला हवा आहे.

आणि ज्याच्यावर घरातच मारहाण किंवा त्याहून वाईट काही होते, त्याचे काय? ‘घरातली गोष्ट घरात’ हा संकेत त्याच्या तोंडावर हात ठेवतो. आप्तस्वकीय गप्प बसतात, शेजारी दार लावून घेतात. मुलांसाठीची 1098 ही हेल्पलाइन 1996 मध्ये मुंबईत, टाटा समाजविज्ञान संस्थेच्या एका उपक्रमातून सुरू झाली. अशा मुलांचे प्रकरण बालन्याय कायद्याखालील बालकल्याण समितीपुढे जाते. समितीचा पहिला प्रयत्न मूल कुटुंबात परत जावे असाच असतो. मात्र त्याआधी मुलाचे म्हणणे ऐकून घेणे तिच्यावर कायद्याने बंधनकारक आहे.

कॅलिफोर्नियाच्या संहितेतही एक परतीची वाट आहे. विमुक्त मुलाजवळ चरितार्थाचे काहीच साधन उरले नाही, तर न्यायालय विमुक्ती रद्द करू शकते. मग ते मूल पुन्हा आईवडिलांच्या छत्राखाली येते आणि त्यांची जबाबदारी पुन्हा सुरू होते. अमेरिकेहून आलेल्या पाहुण्याने पुढच्या खेपेस पहिल्या वाक्याबरोबर हेही सांगितले, तर बैठकीतली चर्चा कदाचित वेगळ्या दिशेने जाईल.