घोडा खोडसाळ की आजारी?

तंग आवळताच घोडा कान मागे घेतो, चावायला धावतो, चंदी अर्धवट सोडतो. मोतद्दार म्हणतो, "खोडसाळ झालाय," आणि चाबूक उगारतो. पुष्कळदा दोष स्वभावाचा नसतो. जनावराच्या जठरात व्रण झालेले असतात.

घोड्याच्या जठरात आम्ल अहोरात्र पाझरते; ते सौम्य करणारी लाळ मात्र चघळतानाच सुटते. म्हणून तासन् तास उपाशी बांधलेल्या घोड्याचे जठर पोळते. दौडीत हेच आम्ल उसळून वरच्या नाजूक अस्तराला लागते.

नाकावाटे दुर्बीण घालून खात्रीचे निदान होते. पशुवैद्य बहुधा ओमेप्राझोल देतात. उपचार साधारण ४ आठवडे चालतो. पुढ्यात वैरण सतत हवी, चंदी थोडी थोडी विभागून द्यावी. वेदनाशामके मनाने देऊ नयेत; काहींमुळे व्रण वाढतात.

व्रण भरल्यावर घोड्याला आधी नुसते हाताने धरून फिरवावे, मग खोगीर घालून संथ चाल, नंतर दुडकी. रपेटीपूर्वी थोडा लसूणघास चारावा. रिकाम्या पोटी पळवू नये. तंग टप्प्याटप्प्याने आवळावा. कान पुन्हा मागे गेले, तर चाबूक नव्हे, पशुवैद्य बोलवावा.