टाकीत औषध कुणी टाकायचे?

जोतिबाच्या डोंगरावर, म्हणजे वाडी रत्नागिरीस, आमचे गुलाल-खोबऱ्याचे छोटे दुकान आहे. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे दुकानात क्यूआर कोडची पाटी लावली ती मी, आणि आप्पांना फोन शिकवला तोही मीच.

गेल्या चैत्र यात्रेच्या आधी आप्पांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर ओळखीच्या नंबरावरून लग्नपत्रिका आली. पत्रिका कसली, ती एपीके फाइल होती! आप्पांनी बोट लावले आणि फोन जे विचारेल त्याला होकार देत गेले. त्या प्रोग्रामने फोनवर येणारे ओटीपी परस्पर चोरांना पोचवले. सकाळपर्यंत खात्यातून अडतीस हजार रुपये गेले होते. यात्रेचा माल भरायचे पैसे होते ते. आप्पा एवढेच म्हणाले, "पोरी, तू शिकलेली. मला आधी सांगायचं न्हाईस व्हय?"

आम्ही ज्यांच्याकडून इंटरनेट घेतो त्यांच्या कचेरीत मी गेले. उत्तर मिळाले, "आमचं काम नेट पोचवायचं. काय उघडायचं ते तुमचं तुम्ही बघा."

हे उत्तर मला पटलेले नाही. ग्रामपंचायतीचे कामही पाणी पोचवायचेच असते. तरी टाकीत टीसीएल पावडर तीच टाकते. 'पाणी उकळून प्या' असे सांगून ती हात झटकत नाही. मग दरमहा पैसे घेणाऱ्या इंटरनेट कंपनीने का झटकावेत?

कुणी म्हणेल, लोकांनीच सावध राहावे. पण ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत घुसून चोरांनी सुमारे ९४ कोटी रुपये लांबवले. त्यातली काही रोकड आपल्या कोल्हापुरातल्या एटीएममधून निघाली. जिथे बँक फसते, तिथे गुलाल विकणाऱ्याने किती सावध राहायचे?

शिवाय हे काम अशक्यही नाही. केंद्र सरकारचे 'सायबर स्वच्छता केंद्र' २०१७ मध्ये सुरू झाले. कुणाच्या यंत्रात घातक प्रोग्राम शिरला की कंपनीमार्फत त्या ग्राहकाला कळवावे, हीच त्याची रीत. ऑक्टोबर २०२४ मध्ये परदेशातून भारतीय नंबराचे सोंग घेऊन येणारे कॉल अडवणारी यंत्रणा सुरू झाली. पहिल्या चोवीस तासांत तिने सुमारे १ कोटी ३५ लाख कॉल रोखले. मे २०२५ मध्ये एअरटेलने फसवी संकेतस्थळे वाटेतच अडवण्याची सोय जाहीर केली. म्हणजे इच्छा असेल तर वाट अडवता येते.

एक शंका मात्र रास्त आहे. आज चोर अडवणारी कंपनी उद्या आपले वाचनही अडवील, त्याचे काय? म्हणून मर्यादा हवी. व्हॉट्सअ‍ॅपवरचा मजकूर कुलूपबंद असतो. कंपनीला तो वाचता येत नाही आणि येऊही नये. पण तो चोरटा प्रोग्राम चोरीचा माल ज्या पत्त्यावर पाठवतो तो पत्ता घातक ठरला असेल, तर तेवढा अडवावा. काय अडवले आणि का, ते जाहीर करावे. चुकून अडवले तर दाद मागता यावी. पाण्यात औषध टाकावे. कोण किती पितो, हे पाहत बसू नये. आणि हे संरक्षण जादा पैशांचे नसावे, इशारा मराठीत यावा.

आपल्यापैकी कितीतरी जणांच्या घरी फोन आला, पण तो समजावणारे आपण एकटेच आहोत. फसवणूक झाली तर तत्काळ १९३० वर कळवायचे, म्हणजे पैसे वाटेतच गोठवता येण्याची आशा असते, हे मला नंतर कळले. आम्ही दुसऱ्या दिवशी दुपारी फोन केला. आप्पांना आधी सांगितले नाही ही माझी चूक, आणि ती मी नाकारत नाही. पण टाकी ज्यांच्या ताब्यात आहे, त्यांनी आपली चूक कधी कबूल करायची?