ग्रिलचा टाका

चेंबूरच्या आमच्या बाल्कनीची ग्रिल दुसऱ्याच पावसाळ्यात सांध्यातून सुटली. पाहिलं तर वरून छान फुगीर टाका, आत जुना रंग आणि गंज तसाच! दोष रॉडचा नाही, घाईचा.

जवळच माहुलच्या रिफायनऱ्या. तसल्या कामात ७०१८ चे रॉड भट्टीत ३००-३५० अंशांवर भाजून, मग गरमच ठेवून वापरतात. दमट रॉडमधला हायड्रोजन सांध्याला आतून तडा देतो. ग्रिलच्या ६०१३ ला एवढे सोपस्कार नकोत. पण ग्राइंडर मारून लोखंड उघडं करणं, नुसते ठिपके न देता सांधा सगळीकडून भरणं, स्लॅग ठोकून काढून लगेच प्राइमर लावणं, एवढं तरी मागायला नको? आपण विचारतो फक्त किलोचा भाव. मीही तेवढंच विचारलं होतं.